व्हिडिओ गेममधल्या खेळता येणाऱ्या स्त्री-पात्रांची सूची: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

पहिला तक्ता एका ओळीला एक पात्र असा होता: नाव, गेम, वर्ष, लिंग आणि 'खेळता येतं: हो/नाही'. तो रद्द. त्या 'हो'मध्ये इतक्या निरनिराळ्या गोष्टी मावतात की बेरीज करून हाती काहीच लागत नाही. 'टूम रेडर'मध्ये (१९९६) लारा क्रॉफ्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीच आहे. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये (२०१३) एली मुख्यतः हिवाळ्याच्या भागात आणि अगदी शेवटी थोडा वेळ खेळाडूच्या हातात येते, बाकी सगळा गेम जोएलचा. 'मेट्रॉइड'मध्ये (१९८६) सॅमस पहिल्या सेकंदापासून हातात आहे, पण चिलखताच्या आत बाई आहे हे गेम वेगाने संपवणाऱ्यालाच दिसतं. जुन्या तक्त्यात तिघींसमोर सारखाच 'हो'.

नवी रचना चार तक्त्यांची: गेम, आवृत्ती, पात्र आणि ताबा. पहिले तीन साधे आहेत. खरं काम 'ताबा' या तक्त्यात. कोणतं पात्र, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या वाटेने, किती वेळ आणि काय मोजून खेळाडूच्या हाती येतं, याची एकेक ओळ.

ताबा धरायचा तर तीन अटी. हालचाल खेळाडूच्या बटणांवर चालली पाहिजे. चुकलं तर परिणाम हवा, म्हणजे हरता यावं किंवा निदान पुढची वाट अडावी. आणि हे किमान ६० सेकंद सलग चालावं. कटसीनमध्ये, म्हणजे मध्येच येणाऱ्या चित्रपटासारख्या दृश्यात, एकच बटण वेळेवर दाबायला लावणारे प्रसंग त्यामुळे आपोआप बाहेर पडतात.

'द लेजंड ऑफ झेल्डा: स्पिरिट ट्रॅक्स' (२००९) या अटींवर अडतो. झेल्डा तिथे फँटम नावाच्या चिलखतात शिरते आणि तिचा मार्ग खेळाडू पडद्यावर रेघ ओढून ठरवतो. थेट ताबा नाही, पण तिला चुकीच्या जागी पाठवलं तर कोडं सुटत नाही. यासाठी 'अप्रत्यक्ष' हा वेगळा कोड. एकूण बेरजेत तो धरायचा नाही, गाळायचाही नाही, वेगळा छापायचा. २०२४ च्या 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये झेल्डाचा ताबा थेट आहे, तिथे शंकाच नाही.

९ ऑक्टोबर

'वाट' या रकान्याचे कोड ठरले:

१. एकटी नायिका
२. सुरुवातीला निवड
३. रोस्टरमधून, म्हणजे पात्रांच्या यादीतून निवड
४. खेळून उघडावी लागते
५. कथेतला ठरावीक भाग
६. पैसे किंवा गेममधली नाणी मोजून
७. गेमच ठरवतो, खेळाडूला विचारत नाही

सातवा कोड 'रस्ट'मुळे आला. तिथे २०१६ पासून शरीर स्त्रीचं की पुरुषाचं हे खेळाडूच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या खात्याच्या क्रमांकावरून ठरतं आणि बदलता येत नाही. ही निवड नव्हे आणि नायिकाही नव्हे. अशा गेमना कोड २ मध्ये कोंबलं की 'निवड देणारे गेम' हा आकडा फुगतो.

एका पात्राला एकाच आवृत्तीत दोन वाटा असू शकतात. 'ताबा' तक्त्यात तेवढ्या ओळी करायच्या, एका रकान्यात स्वल्पविराम टाकून दोन कोड लिहायचे नाहीत. तसं लिहिलं की छाननी करताना दोन्हीपैकी एकही सापडत नाही.

१० ऑक्टोबर

सहावा कोड वरवर किरकोळ वाटतो, पण मोबाइलच्या धावायच्या गेममध्ये तोच मुख्य. २०१५ मध्ये एका शाळकरी मुलीने अशा ५० गेमची मोजणी करून ती वर्तमानपत्रात मांडली होती. ज्यांत पात्राचं लिंग कळतं अशा गेमपैकी बहुतेकांत मुलगा फुकट मिळत होता, मुलगी फुकट देणारे गेम १५ टक्क्यांच्या आसपास. 'मुलगी आहे का?' एवढंच विचारलं असतं तर हे चित्र निसटलं असतं. तिने बरोबर जागी बोट ठेवलं.

किंमत नोंदवताना गेममधली नाणी आणि खरे पैसे यांचे रकाने वेगळे. नाण्यांचं पैशांत रूपांतर करायचं नाही, सवलतीच्या दिवशी दर बदलतो. त्याऐवजी नवं खातं काढून काहीही न विकत घेता तेवढी नाणी जमायला लागणारी मिनिटं लिहायची. नवीन खात्याला मिळणारी भेट-नाणी वजा करायला विसरू नये. बहुतेक गेम पहिल्या दिवशी सढळ हाताने देतात आणि त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.

१३ ऑक्टोबर

आवृत्ती वेगळी का ठेवायची, याची तीन उदाहरणं नियमावलीत घातली.

'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक' (१९८७) मध्ये चार पात्रं: इमाजिन, मामा, पापा, लिना. चारांत दोन स्त्रिया. हाच गेम पात्रं बदलून १९८८ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारियो ब्रदर्स २' म्हणून आला. इमाजिनच्या जागी मारियो, पापाच्या जागी टोड, लिनाच्या जागी राजकन्या आणि मामाच्या जागी लुइजी. चारांत एक. राजकन्येला खेळता येण्याजोगं केलं म्हणून या गेमचं कौतुक होतं आणि ते खरंही आहे. तिचं हवेत तरंगणं नवख्या खेळाडूला फार उपयोगी पडतं. पण मूळ गेमशी ताडून पाहिलं तर एक बाई कमी झालेली आहे. दोन्ही गोष्टी सूचीत दिसल्या पाहिजेत.

'ग्रँड थेफ्ट ऑटो' (१९९७) च्या पीसी आवृत्तीत आठ चेहरे निवडता येत, त्यांत चार स्त्रिया. प्लेस्टेशनवर फक्त चार पुरुष. गेमच्या पातळीवर नोंद केली तर यातलं एक चूक ठरणारच.

'पोकेमॉन'च्या दुसऱ्या पिढीत 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये (१९९९) फक्त मुलगा. 'क्रिस्टल'मध्ये (२०००) मालिकेत पहिल्यांदा मुलगी निवडता आली. २००९ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये मुलगी आहे, पण ती वेगळी, लिरा. तिला 'क्रिस्टल'मधल्या मुलीच्या ओळीत घालू नये, पात्र तक्त्यात दोन स्वतंत्र ओळी.

प्रकाशनवर्ष कुठल्या प्रदेशाचं, हा रकाना सक्तीचा. रिकामा ठेवला तर ओळ स्वीकारली जात नाही.

१६ ऑक्टोबर

टक्केवारीचा छेद. इथे सगळ्यात जास्त वाद होतात आणि ते रास्त आहेत.

जुन्या मारामारीच्या गेममध्ये छेद सोपा: 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) आठांत एक, चुन-ली. 'मॉर्टल कॉम्बॅट' (१९९२) सातांत एक, सोन्या ब्लेड. 'व्हर्चुआ फायटर' (१९९३) आठांत दोन, पाई आणि सारा. मूळ आर्केड यंत्रावरचं रोस्टर धरायचं. घरगुती आवृत्तीत गुप्त पात्रं भरलेली असतात.

'ओव्हरवॉच' (२०१६) घेतला की घोळ सुरू. प्रकाशनाच्या दिवशी २१ पात्रं, त्यांत ८ स्त्रिया: ट्रेसर, विडोमेकर, फाराह, सिमेट्रा, मर्सी, झार्या, मेई आणि डी.व्हा. सगळे धरले तर ३८.१ टक्के. बॅस्टियन हा यंत्रमानव, त्याला लिंग नाही म्हणून वगळला तर २० पैकी ८, म्हणजे ४०. फक्त माणसं धरायची म्हणून झेन्याटा आणि गोरिला विन्स्टनही काढले तर १८ पैकी ८, म्हणजे ४४.४. एकाच गेमचे तीन आकडे, तिन्ही बरोबर. ज्याला जे सिद्ध करायचं असेल तो त्यातला हवा तो उचलतो.

त्यामुळे तक्त्यात टक्केवारी साठवायचीच नाही. पात्राला 'माणूस / माणसासारखं / यंत्र / प्राणी / इतर' हा प्रकार आणि स्वतंत्रपणे लिंग. बाकी गणित बाहेर. अहवालात तिन्ही छेद शेजारीशेजारी छापायचे.

असाच प्रश्न पूर्वीच्या मोजण्या वाचतानाही येतो. २०१५ च्या ई३ या गेमच्या प्रदर्शनातल्या ७६ गेमची फेमिनिस्ट फ्रीक्वेन्सी या संस्थेने केलेली मोजणी बहुतेकांना '९ टक्के' म्हणून आठवते: फक्त स्त्री नायिका असलेले ७ गेम, फक्त पुरुष नायक असलेले २४. पण ३५ गेम निवड देणारे होते. म्हणजे जवळजवळ निम्मा नमुना एका पेटीत, आणि त्या पेटीच्या आत काय आहे हे '९ टक्क्यां'वरून कळत नाही. आपली सूची मुळात ती पेटी उघडण्यासाठीच आहे.

१७ ऑक्टोबर

नमुना. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हर्च्युअल सेन्सस' या अभ्यासाने नऊ प्रकारच्या यंत्रांवरचे १५० गेम घेऊन प्रत्येकाला विक्रीनुसार वजन दिलं होतं. मुख्य पात्रांत स्त्रिया दहा टक्क्यांच्या थोड्या वर निघाल्या. वजन देणं योग्यच. एक कोटी लोकांनी खेळलेला गेम आणि दहा हजारांनी खेळलेला गेम सारखे मोजता येत नाहीत. पण फक्त खपाची यादी घेतली तर छोट्या गटांनी केलेले गेम गायब होतात. म्हणून दर पाच वर्षांच्या कप्प्यातून ४० गेम: २० खपाच्या यादीतून, २० सोडतीने. निकाल वजनासह आणि वजनाशिवाय, दोन्ही.

२१ ऑक्टोबर

ताब्याची मिनिटं मोजण्याची पद्धत पक्की झाली. पूर्ण गेम खेळल्याचं, भाष्य नसलेलं, न कापलेलं चित्रण घ्यायचं. ताबा सुरू झाला की वेळ, सुटला की वेळ. कटसीन, मेनू, लोडिंग आणि मरून पुन्हा सुरू झालेला भाग वजा. शेवटचं महत्त्वाचं, कारण अवघड लढाईत अनाडी खेळाडू दहा वेळा मेला तर त्या पात्राची मिनिटं उगाच वाढतात.

मोकळ्या जगाचे गेम या पद्धतीला दाद देत नाहीत. 'असासिन्स क्रीड सिंडिकेट'मध्ये (२०१५) शहरात भटकताना ईव्ही आणि जेकब यांत हवं तेव्हा बदलता येतं, पण मुख्य कथेच्या मोहिमा कुणाच्या हे ठरलेलं असतं आणि त्यात जेकबचा वाटा मोठा आहे. म्हणून दोन रकाने: 'बांधलेली मिनिटं' आणि 'मोकळी मिनिटं'. मोकळ्या मिनिटांची अर्धी-अर्धी वाटणी करायची नाही, तिथे रिकामं. शून्य आणि रिकामं यांत फरक आहे: शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं, रिकामं म्हणजे मोजणं लागू नाही.

२४ ऑक्टोबर

निवड दिली म्हणजे ती समोर ठेवली असं नाही. यासाठी 'आपसूक' हा रकाना. चाचणी अशी: नवा गेम सुरू करायचा, काहीही न बदलता फक्त होकाराचं बटण दाबत जायचं, आणि पहिल्या ताब्याच्या क्षणी पडद्यावर कोण आहे ते लिहायचं. काही गेम हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, म्हणून जतन केलेलं सगळं पुसून किमान पाचदा. यंत्रावरच्या खात्यात लिंग भरलेलं असेल तर तेही काढायचं.

सोबत तीन उपरकाने: वेष्टनावर कोण, पहिल्या जाहिरात-चित्रफितीत कोण, आणि कथेच्या पुढच्या भागात अधिकृत कोण धरलं. 'मास इफेक्ट' मालिका २००७ पासून मुख्य पात्र शेपर्ड स्त्री म्हणूनही देते आणि जेनिफर हेल यांचा आवाज ही त्या मालिकेची मोठी जमेची बाजू. पण दुकानातल्या वेष्टनावर ती आली २०१२ च्या तिसऱ्या भागात, तीही उलटवता येणाऱ्या कव्हरच्या मागच्या बाजूला. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्या भागात स्त्री शेपर्ड घेणारे १८ टक्के होते. २०२१ च्या एकत्रित आवृत्तीत ३२. हे आकडे 'लोकांना बायका नकोत' या दाव्यासाठी वापरले जातात. वेष्टन, जाहिरात आणि आपसूक पात्र हे तिन्ही पुरुषाच्या बाजूला असताना मिळालेला आकडा आवडीचा पुरावा म्हणून फारच कच्चा.

२८ ऑक्टोबर

क्षमतेतला फरक. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये (१९९६) जिलकडे वस्तूंचे आठ खण, ख्रिसकडे सहा; जिलकडे कुलूप उघडायची पिन, ख्रिसची सहनशक्ती जास्त. जिलचा मार्ग सोपा म्हणून ओळखला जातो. 'डायब्लो २'मध्ये (२०००) लिंग वर्गाला बांधलेलं, पाचांत दोन स्त्रिया. बाई म्हणून बार्बेरियन खेळायला २०१२ चा तिसरा भाग उजाडावा लागला. रकाना: 'समान / वेगळी पण तुल्य / सोपी / कमकुवत', आणि कारण एका वाक्यात. कारणाशिवाय कोड लिहू नये.

३१ ऑक्टोबर

शरीर आणि हालचाल. हा रकाना भरणं सगळ्यात कष्टाचं, आणि २०१४ मधल्या वादामुळे सगळ्यात उपयोगाचंही. 'असासिन्स क्रीड युनिटी'च्या सहकारी खेळात स्त्री-पात्र का नाही, याला तेव्हा उत्तर मिळालं की हालचाली, आवाज, कपडे सगळ्याचं काम दुप्पट होतं. त्याच मालिकेच्या आधीच्या भागावर काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने जाहीरपणे म्हटलं की एक-दोन दिवसांचं काम आहे. दोन वर्षांपूर्वीच मालिकेच्या 'लिबरेशन' भागात अव्हेलीन नायिका होती, हे वेगळंच.

दोन्ही विधानं वेगवेगळ्या कामांबद्दल आहेत. अ‍ॅनिमेशन साठवलं जातं ते हाडांच्या फिरण्याच्या कोनांत. तेच कोन दुसऱ्या सांगाड्यावर लावणं, म्हणजे रीटार्गेटिंग, यंत्राचं काम. अडतं ते टोकांना. दंड आखूड असेल तर त्याच कोनांनी पंजा भलत्या जागी पोचतो: बंदुकीच्या दस्त्यात घुसतो किंवा बाहेर तरंगतो. पाय आखूड आणि धावण्याचा वेग तोच, तर पावलं जमिनीवर घसरतात. हात-पाय लक्ष्याला बांधणारं आयके लावून हे बरंच सुटतं. मिठी, खांद्यावर उचलणं, शेवटचा वार अशा दोन शरीरांच्या हालचाली मात्र एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात. केस आणि घोळदार कपडे यांची भौतिकी नव्याने. म्हणून अनेक स्टुडिओ दोन्ही शरीरांना एकाच उंचीचा सांगाडा देतात आणि वरचा आकार तेवढा बदलतात. काम वाचतं, फक्त बाई पुरुषासारखी बसते. 'मास इफेक्ट'मध्ये झग्यातली शेपर्ड पाय फाकून बसते ते यामुळेच.

खरं दुप्पट होतं ते बोलणं. नायकाचं प्रत्येक वाक्य दोन जणांकडून ध्वनिमुद्रित करावं लागतं. शिवाय इतर पात्रांची नायकाला उद्देशून असलेली वाक्यं. इंग्रजीत त्यातली थोडीच बदलतात. रशियनमध्ये भूतकाळातलं जवळपास प्रत्येक एकवचनी क्रियापद बदलतं, मराठी-हिंदीत 'येणं', 'जाणं' यांसारखी अकर्मक क्रियापदं. 'कधी आलास' आणि 'कधी आलीस' यांना तक्त्यात दोन ओळी हव्यात आणि खेळाडूच्या लिंगानुसार निवड हवी. ही सोय सुरुवातीला केली नाही तर नंतर हजारो वाक्यं हाताने शोधावी लागतात.

'युनिटी'त सहकारी खेळापुरती स्त्री-पात्रं हवी होती आणि तिथे संवाद कमी. माझ्या मते 'दुप्पट' हे विधान त्या गेमला लागू पडत नव्हतं.

नोंद करण्याची पायरी: दोन्ही पात्रं त्याच जागी, त्याच शस्त्रासह, कॅमेरा पाठीमागे ठेवून ६० फ्रेम प्रति सेकंदाने चित्रित करायची. डावं पाऊल टेकल्यापासून तेच पुन्हा टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. मग एक चित्रण दुसऱ्यावर ५० टक्के पारदर्शक करून ठेवायचं आणि खांदे, कंबर, बसणं, दार उघडणं, शिडी चढणं तपासायचं. फक्त फ्रेम जुळल्या म्हणून 'सामायिक' लिहू नये. वेग सारखा ठेवण्यासाठी वेगळी अ‍ॅनिमेशनंही मुद्दाम त्याच लांबीची करतात. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, बंद करायचा, नाहीतर पाऊल टेकल्याची फ्रेम सापडत नाही.

४ नोव्हेंबर

प्रथमपुरुषी दृष्टिकोनाचे, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे गेम वरच्या चाचणीत बसत नाहीत. 'पोर्टल'मधली (२००७) चेल फक्त पोर्टलच्या आरपार पाहिलं तरच दिसते आणि ती बोलतही नाही. 'मिरर्स एज'मधल्या (२००८) फेथचे हात-पाय सतत दिसतात, आवाजही आहे. दोन रकाने वाढवले: 'दिसते' आणि 'बोलते'.

६ नोव्हेंबर

लिंगाचा पुरावा कशाला म्हणायचं. उतरता क्रम: पात्राचं स्वतःबद्दलचं बोलणं, इतरांनी वापरलेली सर्वनामं, निर्मात्यांचं जाहीर विधान, माहितीपुस्तिका, आणि सर्वांत खाली नुसतं रूप. पुस्तिका इतकी खाली का? 'मेट्रॉइड'च्या इंग्रजी पुस्तिकेत सॅमसला पुरुषवाचक सर्वनाम आहे.

'गिल्टी गिअर'मधला ब्रिजेट २००२ मध्ये मुलींच्या कपड्यांतला मुलगा म्हणून आला. २०२२ मध्ये 'स्ट्राइव्ह'मध्ये ती स्वतःला मुलगी म्हणवते. दोन आवृत्त्या, दोन नोंदी, कोणतीही मागे जाऊन खोडायची नाही. 'सायबरपंक २०७७'मध्ये (२०२०) सर्वनाम आवाजाला जोडलेलं आहे, शरीराला नाही. म्हणून तिथे आवाज हा पुरावा.

११ नोव्हेंबर

दोन नोंदकर्त्यांमधलं एकमत. '९० टक्के जुळलं' यावर समाधान मानू नये. समजा दोघांनीही ८५ टक्के पात्रांना पुरुष आणि १५ टक्क्यांना स्त्री लिहिलं. डोळे मिटून लिहिलं तरी ०.८५ चा वर्ग अधिक ०.१५ चा वर्ग, म्हणजे ७४.५ टक्के आपोआप जुळेल. योगायोगाने जुळणारा भाग काढून उरलेलं एकमत सांगणारा कोहेनचा कॅपा होतो (०.९० − ०.७४५) भागिले (१ − ०.७४५), सुमारे ०.६१. नव्वद ऐकून वाटतो तितका विश्वास त्यात नाही. किमान ०.८० ठरवला आहे. त्याखालच्या रकान्याची व्याख्या पुन्हा लिहायची आणि मगच पुढे. घसरतो तो बहुतेक 'क्षमता' आणि 'सामायिक अ‍ॅनिमेशन' इथेच.

१३ नोव्हेंबर

खेळांचे गेम वेगळ्या फाइलीत हलवले. 'फिफा १६'मध्ये (२०१५) पहिल्यांदा स्त्रियांचे संघ आले, १२ राष्ट्रीय. खेळाडू मोजले तर एका गेममुळे शेकडो स्त्रिया सूचीत येतात आणि सगळे आलेख वाकतात. पण करिअर आणि अल्टिमेट टीम या प्रकारांत त्या नव्हत्या. अल्टिमेट टीममध्ये त्या २०२३ च्या 'ईए स्पोर्ट्स एफसी २४'मध्ये आल्या. इथे एकक पात्र नव्हे, खेळाचा प्रकार: कुठल्या प्रकारात स्त्री संघ घेता येतो, कुठल्यात नाही. मिश्र सामना शक्य आहे का, हा एक जास्तीचा रकाना.

१७ नोव्हेंबर

निर्यात. सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीला बीओएम खुणेसह. ती नसेल तर एक्सेल देवनागरीचा चुराडा करतं. वर्षं आणि मिनिटं फाइलीत इंग्रजी अंकांत ठेवायची, देवनागरी अंक एक्सेल मजकूर समजतं आणि बेरीज शून्य येते. छापताना बदलायचे.

प्रलंबित: 'मिस पॅक-मॅन' (१९८२) 'इतर' प्रकारात, पुरावा नाव आणि यंत्रावरचं चित्र, नोंद कायम. 'निअर: ऑटोमेटा'मधली (२०१७) टू-बी 'यंत्र' की 'माणसासारखं' यावर दोन मतं, फक्त माणसांच्या छेदात ती कशीही येत नाही, त्यामुळे निर्णयाची घाई नाही. 'हेडीस २' पूर्ण स्वरूपात सप्टेंबरमध्ये आला, मेलिनोईची नोंद कोड १ ने करायची आणि ताब्याच्या मिनिटांचा रकाना रिकामा सोडायचा: पुन्हा पुन्हा मरणं हाच गेमचा गाभा असताना मृत्यूनंतरचा भाग वजा करण्याचा नियम तिथे लावता येत नाही.